न मागितलेलं पुस्तक

आभाळ भरून आलेलं असतानाही इथवर आलेल्या माझ्या चिपळूणकरांनो,

ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला सुरू झाली, त्यांना नावाने हाक मारणारी माणसं या गावात मोजकीच होती. बाकी सगळ्यांचे ते काका. पाचवीतल्या पोराचे काका आणि निवृत्त मामलेदारांचेही काकाच. बाजारपेठेतलं त्यांचं दुकान दर्शनी बाजूला जेमतेम दहा फूट, पण आत बोळासारखं लांबत गेलेलं. पुढे वह्या, पाठ्यपुस्तकं, कंपासपेट्या. मधे पोथ्या आणि पंचांगं. आणि अगदी मागे, जिथे भर दुपारीही दिवा लावावा लागायचा, तिथे कथा-कादंबऱ्या. त्या मागच्या भिंतीने मला लेखिका केलं. हे मी जाहीरपणे पहिल्यांदाच सांगते आहे, आणि जिथे ते घडलं त्याच गावात सांगायला मिळतंय याचा मला मनापासून आनंद आहे.

१९८४ चा जून महिना. मी आठवीत. आईने इंग्रजीचं गाईड आणायला पाठवलं होतं. आपल्याकडचा जून तुम्हाला माहीत आहे. छत्री असून नसल्यासारखी. दुकानात ही गर्दी. काकांनी गाईड काढलं, वर्तमानपत्रात बांधलं, वरून लोंबणाऱ्या रिळाचा पांढरा दोरा दोनदा फिरवला, गाठ मारून तोडला आणि पुडकं माझ्या हातात दिलं. घरी येऊन सोडलं तर आत पुस्तकं दोन. एक गाईड, आणि एक खाकी कागदाचं कव्हर घातलेलं, वर काहीही न लिहिलेलं. मी तशीच भिजत परत गेले.

"काका, हे चुकून आलंय."

"चुकून नाही आलं. वाच."

"ह्याचं नाव काय?"

"आधी वाच गो, नाव मग. आवडलं नाही तर आणून दे. पानं मात्र दुमडू नको."

ते श्री. ना. पेंडशांचं 'गारंबीचा बापू' होतं. तोपर्यंत मी जी गोष्टींची पुस्तकं वाचली होती त्यातली माणसं एकतर राजवाड्यात राहायची किंवा पुण्यात. त्यांच्या अंगणात पोफळी नसायच्या. त्यांच्याकडे कोणी सुपारी सोलत बसायचं नाही. आणि इथे अख्खी कादंबरी सुपारीच्या वासाची. खोत आमच्या ओळखीचा. होटेल आमच्या एसटी स्टँडबाहेरच्यासारखं. आणि माणसं भांडतात ती आमच्या शेजारीपाजारी भांडतात त्या बोलीत. मला अर्धंअधिक कळलं नसेल. राधा आणि बापू यांच्यामधलं तर मुळीच कळलं नाही. पण आपल्या आगरातली माणसं छापलेल्या पानावर उभी राहू शकतात, हे मला तोवर कोणीच सांगितलं नव्हतं. त्या रात्री मी आतल्या खोलीत चिमणीच्या उजेडात वाचत बसले, कारण वीज गेली होती, आणि आजीने दोनदा दटावलं तरी उठले नाही.

पुस्तक वाचून झाल्यावर दुकानात गेले तेव्हा काकांनी मला आणखी एक गोष्ट सांगितली. हे लिहिणारा माणूस आपल्या दापोलीकडच्या मुर्डीचा. मुंबईत बेस्टमध्ये नोकरी करायचा. दिवसभर कचेरीचं काम आणि त्याखेरीज हे लिहायचं. तेरा वर्षांच्या मुलीला यातून काय कळलं असेल, विचार करा. लेखक नावाची वेगळी जमात नसते. तो संध्याकाळी बस पकडून घरी येणारा, कोणाचा तरी नातेवाईक असलेला माणूस असतो. मुर्डी काही आमच्यापासून लांब नव्हती. मग मी का नाही?

मी आज जे बोलणार आहे ते सगळं त्या पुडक्यातल्या दुसऱ्या पुस्तकाबद्दल आहे. मी मागितलं ते गाईड होतं. गाईड हरवलं, त्यातलं काहीच आठवत नाही. माझं आयुष्य वळलं ते मी न मागितलेल्या पुस्तकाने.

आपण दुकानात किंवा आता फोनवर जे मागतो, ते आपल्याला आधीच ठाऊक असलेलं असतं. फोनवरून पुस्तक मागवण्यात काही वाईट आहे असं मी म्हणणार नाही, मीही मागवते. पुण्यात माझ्या घरी दोन दिवसांत पुस्तक येतं, आणि जिथे पुस्तकाचं दुकानच नाही अशा खेड्यातल्या मुलीसाठी तर ती फार मोठी सोय आहे. पण त्यासाठी पुस्तकाचं नाव ठाऊक असावं लागतं. ज्याचं नाव ठाऊक नाही, ज्याची आपल्याला गरज आहे हेच आपल्याला ठाऊक नाही, ते कसं मागणार? फोन सुचवतो हे खरं. तो सांगतो की तुमच्यासारख्या इतरांनी हे घेतलं. काका नेमकं उलट करायचे. तुमच्यासारख्यांनी जे घेतलं नसतं ते द्यायचे. आपल्या डेपोत एक कंडक्टर होते, बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांखेरीज दुसरं काही वाचायचे नाहीत. त्यांना काकांनी एकदा लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' दिली. कंडक्टरांनी ती रोज रात्री आईला वाचून दाखवली. लिहिता-वाचता न येणारी ती म्हातारी पुढे स्वतः दुकानात आली आणि म्हणाली, त्या बाईचं अजून काही असेल तर द्या.

हे त्यांना कसं सुचायचं? लहान असताना मला ती जादू वाटायची. मोठेपणी कळलं की ती मेहनत होती. काकांकडे लाल कापडी बांधणीची लांबडी चोपडी होती, वाण्याकडे असते तशी. तिच्यात उधारी असायचीच. पण काही नावांपुढे रकमेऐवजी 'वा. दि.' असं लिहिलेलं असायचं. वाचायला दिलं. त्यापुढे पुस्तकाचं नाव, आणि पुस्तक परत आलं की चार-दोन शब्द. ही चोपडी ते रोज रात्री घरी न्यायचे, म्हणून ती २०२१ च्या पुरातून वाचली. त्यांच्या सूनबाईंनी, ज्या आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत आणि ज्या आता दुकान चालवतात, मला ती गेल्या वर्षी दाखवली. आठवीतल्या माझ्या नावापुढे लिहिलं आहे: 'वा. दि. बापू. परत देत नाही म्हणते.' आणि खाली दुसऱ्या शाईत, 'भाऊबीजेच्या ओवाळणीतून जमा.' ते कंडक्टर त्याच पानावर आहेत. पाऊणशे-शंभर माणसांच्या वाचनाची अशी नोंद एक दुकानदार वर्षानुवर्षं ठेवत होता, कोणी सांगितलेलं नसताना. या गावाचा इतिहास कधी कोणी लिहिला तर ती चोपडी त्याने जरूर पाहावी.

काका हे एकटे नव्हते, एका परंपरेतले होते. मुंबईत शिकायला गेले तेव्हा मी ती परंपरा पाहिली. गिरगावात केशवराव कोठावळ्यांनी १९४२ साली मॅजेस्टिक बुक स्टॉल सुरू केला. नाव आलं मॅजेस्टिक सिनेमावरून. 'आलम आरा' हा आपला पहिला बोलपट १९३१ साली लागला तेच हे थिएटर. आणि टी. एन. शानभागांनी १९४८ साली कुलाब्याला स्ट्रँड सिनेमात पुस्तकांचा छोटा स्टॉल थाटला, तोच पुढे फोर्टमध्ये गेलेला स्ट्रँड बुक स्टॉल. भांडवल साडेचारशे रुपये. मुंबईतली दोन नामांकित पुस्तकांची दुकानं, दोन्हींचीही नावं चित्रपटगृहांवरून, याचं मला नेहमी अप्रूप वाटतं. सिनेमाला आलेला माणूस तिकिटाच्या रांगेतून मान वळवतो आणि पुस्तक पाहतो. तो पुस्तक घ्यायला आलेलाच नसतो. न मागितलेलं पुस्तक मिळण्याची याहून चांगली जागा कोणती?

स्ट्रँडमध्ये पुस्तक हातात घेऊन कितीही वेळ उभं राहिलं तरी कोणी हटकत नसे. शानभाग विद्यार्थी असताना त्यांना एका दुकानात पुस्तक चाळू दिलं नव्हतं, म्हणून त्यांनी स्वतःच्या दुकानात ती मुभा कायमची ठेवली. मी वसतिगृहात राहत होते, पैसे नसायचे. शनिवारी दुपारी फोर्टात जाऊन उभ्या-उभ्या वाचायचे. त्यांचे पुतणे टी. एस. शानभाग त्यांच्याच हाताखाली तयार झाले आणि १९७१ मध्ये बंगळुरूला त्यांनी प्रीमियर बुक शॉप काढलं. तिथे मी एकदाच गेले. पुस्तकांच्या उतरंडी छतापर्यंत रचलेल्या, दोन माणसं एका वेळी जाऊ शकणार नाहीत अशा वाटा, आणि कोणतं पुस्तक कुठल्या उतरंडीत तळाशी आहे हे मालकांना तोंडपाठ. ते दुकान २००९ मध्ये बंद झालं. स्ट्रँड २०१८ मध्ये. ती बातमी वाचली त्या दिवशी मी घरातलं स्ट्रँडची चिठ्ठी चिकटवलेलं प्रत्येक पुस्तक काढून टेबलावर मांडलं होतं.

कोठावळ्यांनी १९६४ मध्ये 'ललित' मासिक काढलं. जयवंत दळवी 'ठणठणपाळ' या नावाने त्यात लिहायचे आणि सगळं साहित्यविश्व ते सदर आधी उघडायचं. काकांच्या दुकानात 'ललित' आलं की ते दुपारी जेवायलाही जायचे नाहीत. नव्या पुस्तकांच्या यादीवर लाल पेन्सिलीने खुणा करायचे. 'हे कोणी मागणार नाही,' असं पुटपुटत त्यापुढे दोन खुणा करायचे, म्हणजे दोन प्रती मागवायच्या. मला त्या वेळी ते उफराटं वाटायचं. आता वाटतं, मराठी कथा-कादंबरीचा अर्धा इतिहास त्या पुटपुटण्यात आहे.

पुण्याच्या रा. ज. देशमुखांचं उदाहरण घ्या. देशमुख आणि कंपनीने १९५९ मध्ये खांडेकरांची 'ययाति' काढली, १९६२ मध्ये रणजित देसाईंची 'स्वामी'. दोन्ही घरोघर पोचल्या. त्या वेळी वाचकांना विचारलं असतं, आता काय हवं, तर त्यांनी दुसरी 'स्वामी' मागितली असती, आणि त्यात त्यांची चूक नव्हती. पण पुढच्याच वर्षी याच प्रकाशकाने खानदेशातल्या सांगवीच्या एका पंचवीस वर्षांच्या मुलाची कादंबरी छापली. ती 'कोसला'. भालचंद्र नेमाड्यांनी ती काही आठवड्यांत लिहून काढली होती. तशी कादंबरी कोणी मागितली नव्हती. तशी मराठीत असते हेच कोणाला ठाऊक नव्हतं. 'ग्रंथाली'चंही तसंच. सत्तरच्या दशकात काही वाचकवेड्या माणसांनी ती वाचक चळवळ म्हणून सुरू केली, आणि १९७८ मध्ये दया पवारांचं 'बलुतं' आलं. ज्यांच्या घरी ते पोचलं त्यातल्या कितीतरी जणांनी ते जग कधी शेजारून जातानाही पाहिलं नव्हतं. मागणीची वाट पाहिली असती तर ही पुस्तकं आलीच नसती.

परदेशातलं एकच उदाहरण देते, कारण ते मला फार आवडतं. पॅरिसमध्ये सिल्व्हिया बीच या अमेरिकन बाईचं 'शेक्सपिअर अँड कंपनी' नावाचं छोटं दुकान होतं. जेम्स जॉइसची 'युलिसिस' छापायला कोणी धजत नव्हतं, तेव्हा या दुकानदारीणबाईने ती स्वतः प्रसिद्ध केली. २ फेब्रुवारी १९२२, जॉइसचा चाळिसावा वाढदिवस. प्रती एक हजार. पैसे उभे केले आधी नावं नोंदवून घेऊन, म्हणजे आपल्या प्रकाशनपूर्व सवलतीसारखंच. आणि मुद्रितं हातात आल्यावर जॉइस त्यांच्या समासात नवा मजकूर भरत राहिला, कितीतरी पानं वाढली, खर्च वाढला, छापखाना वैतागला. बाईंनी त्याला थांबवलं नाही. कोणत्याही लेखकाला विचारा, मुद्रितावर नवा परिच्छेद लिहू देणारा प्रकाशक म्हणजे काय असतो.

आता जरा हिशोबाचं बोलू. पुस्तकाच्या दुकानाबद्दल आपण नुसतं हळवं होऊन बोलतो आणि त्या हळवेपणाने कोणाचं भाडं भरलं जात नाही. समजा, एक कादंबरी तीनशे रुपयांची आहे. दुकानदाराला पस्तीस टक्के कमिशन मिळालं, तर एकशे पाच रुपये. गिऱ्हाईक म्हणतं, फोनवर दहा-पंधरा टक्के कमी मिळते. तो दहा टक्के सोडतो. राहिले पंचाहत्तर. त्यातून जागेचं भाडं, वीज, मदतनीस, पुस्तक मागवण्याचा टेम्पो किंवा कुरिअर. आणि हे ती कादंबरी विकली गेली तर. ती मागच्या भिंतीवर दोन वर्षं उभी राहिली तर तेवढे दिवस दुकानदाराचे पैसे तिच्यात अडकले. छापील पुस्तकावर जीएसटी नाही हे आपण अभिमानाने सांगतो, पण कागदावर आहे, आणि पुस्तक करमुक्त असल्याने प्रकाशकाला तो वळता करून घेता येत नाही. तो शेवटी किमतीत येतो.

मग काका चाळीस वर्षं कसे टिकले? जूनमुळे. वह्या, गाईडं, व्यवसायमाला, प्लास्टिकची कव्हरं. जूनच्या तीन आठवड्यांत जे मिळायचं त्यावर मागची भिंत उरलेलं वर्ष जगायची. ते स्पष्ट म्हणायचे, "वह्या आहेत म्हणून बापू आहे." म्हणून जेव्हा शाळा स्वतःच वह्या-पुस्तकांचे संच विकू लागल्या, तेव्हा आपल्याकडच्या कादंबऱ्यांवरच घाला आला, फक्त ते कोणाच्या लक्षात आलं नाही. मुलाच्या वह्या दुकानातून घेणं ही साधी गोष्ट आहे. पण ती मागच्या भिंतीपर्यंत पोचते. ग्रंथालयांच्या पदाधिकाऱ्यांनाही माझी विनंती आहे. आपल्या राज्यात अनुदानित सार्वजनिक ग्रंथालयं अकरा-बारा हजारांच्या घरात आहेत, आणि या गावाचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर तर १८६४ पासूनचं. मार्चअखेरीला खरेदीची घाई असते, जो जास्त सूट देईल त्याच्याकडून गठ्ठे येतात. त्या यादीतली चार पुस्तकं तरी गावातल्या दुकानदाराला विचारून घ्या. तो तुम्हाला असं काही सांगेल जे यादीत नव्हतं.

मी लिहायला लागले त्याची गोष्ट सांगते. दरवर्षी ऑगस्टमध्ये काकांकडे काही वह्या उरायच्या, उंदरांनी कोपरे कुरतडलेल्या. त्या कोणी घ्यायचं नाही. त्या ते मला द्यायचे. दहावीनंतरच्या सुट्टीत मी त्यातल्या एका वहीत पहिली कथा लिहिली. प्रत्येक पानाचा खालचा कोपरा नाही, म्हणून शेवटच्या दोन ओळी आखूड व्हायच्या. अजूनही माझ्या परिच्छेदांची शेवटची वाक्यं आखूड असतात असं एका समीक्षकाने लिहिलं होतं. कारण त्यांना माहीत नव्हतं; आता तुम्हाला माहीत झालं.

कथा कशी लिहावी हे सांगायला मला बोलावलेलं नाही, आणि ते सांगता येतं यावर माझा विश्वासही नाही. पण माझ्यापुरतं एवढं कळलं आहे की कथा मागून मिळत नाही. एका दिवाळी अंकाने मला विषय दिला होता: वारसाहक्कात बाईचा वाटा. विषय उत्तम. माझ्या आत्याच्या घरात ते सगळं घडलेलं, मला तारीखवार माहीत. मी लिहायला बसले. आत्या होती, भाऊ होते, वकील होता. दहा पानं झाली आणि सगळे नुसते बोलत होते, जिवंत कोणीच नव्हतं. मग कोर्टाबाहेरचा स्टॅम्प विकणारा आला. त्याला मी अर्ध्या पानासाठी बोलावलं होतं, कागद देऊन जाण्यापुरतं. त्याच्याजवळ एक पत्र्याची पेटी होती, तिच्या झाकणाच्या आतल्या बाजूला त्याने एका मुलीचा फोटो चिकटवला होता. हे मी ठरवलेलं नव्हतं. आत्याने तो फोटो पाहिला आणि कागद घेण्याऐवजी विचारलं, "ही तुमची कोण?" तिथून पुढची कथा मी आठ दिवसांत लिहिली. वाटणी तिच्यात आहे, पण ती पेटीच्या झाकणातून दिसते.

मी त्या माणसाला अर्ध्या पानातच ठेवलं असतं तर? तो हट्ट मी आधीच्या कितीतरी कथांमध्ये केला होता, आणि त्या कथा मेल्या. न मागता आलेल्याला जागा द्यायची, हे मला कोणत्याही कार्यशाळेत शिकायला मिळालं नाही. ते एका दुकानात मिळालं. जो माणूस आठवीतल्या मुलीला गाईडाबरोबर पेंडसे बांधून देतो, त्याने तिला कथेचं तंत्रच शिकवलेलं असतं.

माझा पहिला कथासंग्रह आला तेव्हा प्रकाशकाने हजार प्रती छापल्या. नव्या लेखकाची पुस्तकं दुकानदार परतीच्या बोलीवर ठेवतात. विकली तर पैसे, नाहीतर पुस्तक परत. त्यात गैर काही नाही, धंदा आहे. काकांनी पाच प्रती रोखीने घेतल्या. मी म्हटलं, काका, नाही खपल्या तर? ते काही बोलले नाहीत. त्यांनी पाचही प्रतींना खाकी कव्हर घातलं. त्या कुठल्या पुडक्यांतून कुठल्या घरी गेल्या हे मला तेव्हा कळलं नाही. चोपडीत आता सापडलं. त्यातली एक त्या कंडक्टरांकडे गेली होती. नोंद आहे: 'आईला वाचून दाखवली. आई म्हणते, पोर आपल्यातली आहे.' मला पुढे काही पुरस्कार मिळाले. त्यांची मानपत्रं कपाटात आहेत. ही ओळ मला पाठ आहे.

२२ जुलै २०२१ बद्दल या गावात मी काय सांगणार? पहाटे पाणी चढायला लागलं ते तुम्ही पाहिलंय. मी पुण्यात टीव्हीवर पाहिलं. रस्ता सुरू झाल्यावर आले तेव्हा बाजारपेठेत गुडघाभर गाळ होता आणि प्रत्येक दुकानासमोर त्या दुकानाचा ढीग. काका ऐंशीच्या पुढे होते. ते एका पालथ्या बादलीवर बसले होते, मागच्या भिंतीकडे तोंड करून. पुस्तकं रॅकमधून निघत नव्हती. कागद पाणी पिऊन फुगतो, आणि घट्ट लावलेल्या पुस्तकांना फुगायला जागा नसते. ती एकमेकांत आणि फळ्यांत अशी आवळून बसली होती की दोन तरणी पोरं ओढत होती तरी एक पुस्तक सुटत नव्हतं. शेवटी सुताराला बोलावून खालची फळी कापावी लागली. मग एका फळीवरची सगळी पुस्तकं एकदम, चिऱ्यासारखी, बाहेर आली.

गुळगुळीत आर्टपेपरवरची मुलांची पुस्तकं एकसंध वीट झाली होती. त्यांची पानं कधीच सुटणार नव्हती. साध्या कागदावरची जुनी पुस्तकं मात्र वेगळी वागली. त्यांचे पुठ्ठे गळून पडले, नावाची पानं गेली, पण शिलाईने धरलेले फर्मे तसेच होते. काका एकेक हातात घ्यायचे, पाठीवरून अंगठा फिरवायचे आणि म्हणायचे, "हिची शिलाई शाबूत आहे." तेवढी आम्ही वेगळी काढली. चार दिवस मी आणि सूनबाई त्यांच्या घराच्या माडीवर दोऱ्या बांधून पानं वाळवत होतो. पंख्याखाली, मधे वर्तमानपत्राचे तुकडे घालून, दर दोन तासांनी ते तुकडे बदलत. वाळल्यावरही वास जात नाही. नदीचा, डिझेलचा, आणि का कुणास ठाऊक, भिजल्या तांदळाचा.

निघताना काकांनी मला त्यातलं एक पुस्तक दिलं. पुठ्ठा नव्हता. पहिले दोन फर्मे गेलेले, म्हणजे पुस्तक पान तेहतीसपासून सुरू. पानांच्या माथ्यावर नाव छापलेलं नाही. मी विचारलं, हे कोणतं? ते हसले. पूर आल्यापासून पहिल्यांदा हसले.

"आधी वाच, नाव मग."

मी वाचलं. रेल्वेच्या फाटकावर एक बाई राहते. नवरा फाटकवाला. पान तेहतीसवर ती कोणावर तरी इतकी रागावलेली आहे की जेवण टाकून बाहेर येऊन बसली आहे, आणि समोरून मालगाडी जाते आहे. कोणावर रागावली आहे ते पुढे कुठेच सांगितलेलं नाही; ते पहिल्या बत्तीस पानांत असणार. पुढची सगळी कादंबरी त्या रागावर चालते. मी तीनदा वाचली. दिवाळीत काकांना फोन केला तेव्हा म्हटलं, वाचून झालं, आता नाव सांगा. ते म्हणाले, भेटलीस की सांगतो. डिसेंबरात ते गेले.

त्यानंतर मी ती बत्तीस पानं लिहायचा प्रयत्न करते आहे. आत्तापर्यंत चार सुरुवाती लिहिल्या. एकीत ती सासूवर रागावली आहे, एकीत स्वतःच्या मुलावर. एका सुरुवातीची वेगळीच कथा झाली आणि ती छापूनही आली. चौथी मात्र थांबत नाही. तिची दोनशे पानं झाली आहेत आणि तिच्यात आता फाटकही उरलेलं नाही.

सूनबाईंनी दुकान पुन्हा उभं केलं आहे. पाणी कुठवर आलं होतं त्याची लाल रेघ भिंतीवर ओढून ठेवली आहे. गाईडं आणि वह्या रेघेच्या खाली, कादंबऱ्या वर, लोखंडी घोड्यावर. मी आज सकाळी गेले तेव्हा तिथे एक मुलगा पंचांग घ्यायला आला होता, आणि त्या खाकी कागद कापत होत्या.

ते पुस्तक मी बरोबर आणलं आहे. काकांच्या चोपडीत त्याची नोंद शोधली, पण माझ्या नावापुढे नुसतं 'वा. दि.' आहे, पुढची जागा कोरी आहे. या सभागृहात जुने वाचक बरेच दिसताहेत. हे इथे टेबलावर, तांब्यापासून जरा लांब ठेवते. व्याख्यान झाल्यावर पुढे या, हात कोरडे करून घ्या, आणि पान तेहतीस वाचून बघा कोणाला ओळख पटते का.